सतरा सप्टेंबरच्या कार्डावरचा एक शब्द

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकाला 'सतरा सप्टेंबरच्या निमंत्रणपत्रिकेचा मजकूर' असं लिहिलं आहे. वाचणाऱ्याला वाटेल, ही दोन मिनिटांची बाब. पण मागच्या बैठकीत या बाबीवर दीड तास गेला, चहा दोनदा झाला आणि मजकूर होता तिथंच राहिला. मग कार्यकारिणीनं आम्हाला फर्मावलं की तुम्ही दिवसभर लोकांचे कागद तपासता, तेव्हा हा एक शब्दही तपासून आणा. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. चूक दिसली तर सभेनंतर पानपट्टीवर नको, इथंच सांगावी.

भांडण कशावरून झालं ते बैठकीला नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या मंडळाच्या कार्डावर आजवर 'हैदराबाद मुक्तिसंग्राम दिन' असं छापत आलो. काही सभासदांचं म्हणणं पडलं की सरकारी नाव आता बदललं आहे, तर आपणही तेच छापावं, उगाच वेगळेपणा नको. तरुण मंडळींचं म्हणणं अगदी उलट. मुक्तिदिन तर छापाच, पण त्याखाली 'सीमाभागाची मुक्ती अजून बाकी आहे' अशी ओळ टाका. आणि एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांनी ते दिवस लहानपणी पाहिले आहेत, फक्त एवढंच विचारलं, "मुक्ती कोणाची झाली, ते एकदा ठरवा आणि मग छापा." त्यांच्या या प्रश्नावर कोणी बोललं नाही. आम्ही आज बोलणार आहोत ते मुख्यतः त्या प्रश्नावर.

आधी सरकारी नावाचं बघू. आपल्याकडे हा दिवस 'हैदराबाद-कर्नाटक विमोचना दिन' म्हणून साजरा होत असे. कानडीत विमोचना म्हणजे सुटका. आपल्या मराठी कानाला मात्र विमोचन म्हटलं की पुस्तक आठवतं. आमच्या धाकट्यानं चौथीत असताना विचारलं होतं, "बाबा, कोणतं पुस्तक निघालं?" हसण्यावारी नेलं, पण पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता. २०१९ साली या भागाचं नाव हैदराबाद-कर्नाटक होतं ते कल्याण कर्नाटक झालं आणि दिवसाचं नाव 'कल्याण कर्नाटक उत्सव' झालं. कल्याण हे नाव चांगलंच आहे, बसवण्णांच्या कल्याणवरून आलेलं आहे, त्याला आमची हरकत नाही. पण नावातून 'विमोचना' गेली आणि 'उत्सव' आला. उत्सव गणपतीचाही असतो, उरुसाचाही असतो. १९४८ साली काय घडलं ते उत्सव या शब्दातून कोणत्याही पोराला कळणार नाही.

शेजारी बघा. मराठवाड्यात तोच दिवस 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. तेलंगणात तर दर सरकारागणिक नाव वेगळं. २०२२ साली तिथल्या राज्य सरकारनं 'राष्ट्रीय एकात्मता दिन' केला आणि त्याच दिवशी, त्याच हैदराबाद शहरात केंद्र सरकारनं 'हैदराबाद मुक्तिदिन' केला. २०२४ मध्ये केंद्रानं दरवर्षी मुक्तिदिन पाळायचं जाहीर केलं, तर तिथल्या नव्या राज्य सरकारनं 'प्रजा पालन' दिन ठरवला. एकच तारीख, एकच निजाम, एकच घटना, आणि नावं इतकी. विलीनीकरण म्हणणारे आहेत, पोलीस अॅक्शन म्हणणारे आहेत. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी यातलं काहीच म्हटलं नाही. आमची आजी काळ मोजायची तो 'रझाकारीच्या आधी' आणि 'अॅक्शन झाल्यावर' असा. मुक्ती हा शब्द तिच्या तोंडी होता, पण तो वेगळ्या कामासाठी.

त्या कामाबद्दल सांगायचं तर गाणगापूर आपल्याच तालुक्यातलं. भीमा-अमरजेच्या संगमावर लोक कशासाठी येतात? मुक्तीसाठीच. कोणी बाधेतून मुक्त व्हायला येतो, कोणी दुखण्यातून, कोणी जन्ममरणातून. लहानपणी पौर्णिमेला तिथं खांबाला धरून घुमणाऱ्या बायका पाहून आम्ही आजीच्या पदराआड लपत असू. ती म्हणायची, "भिऊ नको, सुटंल ती आता." सुटणं हा तिचा शब्द. फार दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस गेला की आपण म्हणतो, सुटला बिचारा. बाळंतपण नीट झालं की म्हणतो, मोकळी झाली. मुक्त, मोक्ष, मोचन आणि हा आपला घरगुती मोकळा, सगळे एकाच कुळातले. एवढा जुना आणि एवढा वापरातला शब्द, म्हणून तर तो कोणीही उचलतो आणि कशालाही लावतो.

शब्द आता कुठं कुठं लागला आहे ते दुधनी-अक्कलकोटकडे गेलं की दिसतं. 'तंटामुक्त गाव' अशी पाटी वेशीवर असते. महाराष्ट्रात २००७ साली ती मोहीम निघाली. तंटे मिटले ते चांगलंच, पण पाटीखालच्या पारावर बांधाचं भांडण चाललेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मग हागणदारीमुक्त, टोलमुक्त, अमुक-पक्षमुक्त. आमच्या धंद्यातलंच घ्या. २००८ साली केंद्र सरकारनं केली ती कर्जमाफी. २०१९ च्या डिसेंबरात महाराष्ट्रानं जाहीर केली ती कर्जमुक्ती. खात्यात दोन्हीची नोंद जमेच्या बाजूला सारखीच पडते. पण माफी म्हटलं की शेतकऱ्यानं काही गुन्हा केला होता आणि कोणी दयाळू होऊन सोडलं असं होतं. मुक्ती म्हटलं की त्याच्या मानेवरचं जू काढलं असं होतं. तेव्हा शब्दात काही नसतं असं जे म्हणतात त्यांनी एक दिवस आमच्या काउंटरवर बसावं.

काउंटरवरून दिसणारी आणखी एक गोष्ट सांगतो, ती पुढं लागणार आहे. शेतकरी कर्ज फेडतो, पावती घेतो, हात जोडून जातो. दोन-चार वर्षांनी जमीन विकायला निघतो आणि पहाणी काढतो तर बोज्याच्या रकान्यात बँकेचं नाव तसंच. कर्ज फिटलेलं असतं, बोजा उतरलेला नसतो. तो आपोआप उतरत नाही. दाखला घेऊन तहसीलला जावं लागतं, अर्ज करावा लागतो, नोंद होईपर्यंत खेटे घालावे लागतात. फिटणं वेगळं आणि उतरणं वेगळं.

आता शब्दाची मोडणी बघू. स्वातंत्र्य म्हटलं की ते कोणाचं तरी असतं, देशाचं, माणसाचं. मुक्ती म्हटलं की लगेच 'कशापासून' हा प्रश्न येतो. मुक्ती या शब्दाला 'पासून' चिकटलेलंच आहे. आणि दुसरं म्हणजे मुक्ती कोणीतरी देतं. गोव्याचंच बघा. डिसेंबर १९६१ मध्ये भारताची फौज आत गेली, १९ तारखेला पोर्तुगीज शरण आले, आणि आपण त्याला गोवामुक्ती म्हणतो. हैदराबादचंही तसंच. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून मेजर जनरल चौधरींच्या हाताखालची फौज निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, आणि १७ तारखेला निजामानं रेडिओवरून शरणागती सांगितली. बाहेरून फौज आली आणि आतली माणसं सुटली, अशा ठिकाणी आपण मुक्ती म्हणतो.

पण मग आतल्या माणसांनी काय केलं? त्यासाठी मराठीनं जोडशब्द केला, मुक्तिसंग्राम. त्यातला 'संग्राम' आम्हाला महत्त्वाचा वाटतो. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी, आणि ती देण्या-न देण्याचा हुकूम म्हणजे ती गाजलेली ५३ नंबरची गश्ती. शिक्षण उर्दूत. आपण मराठीवाले आणि शेजारचे कानडीवाले, दोघांनाही आपल्या भाषेत शिकायला खासगी शाळा काढाव्या लागल्या. राजकारण करू देत नाहीत म्हणून तिन्ही भाषांच्या लोकांनी आपापल्या परिषदा काढल्या, महाराष्ट्र परिषद, कर्नाटक परिषद आणि आंध्र महासभा. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह झाला. त्याच साली उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या पोरांना काढलं, ती नागपूरला जाऊन शिकली. हे सगळं फौज येण्याच्या दहा वर्षं आधीचं.

आणि या सगळ्याचे पुढारी कोण, तर भीमेपलीकडच्या सिंदगीला जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. भगवी वस्त्रं घातलेला संन्यासी. ज्या वाटेनं लोक गाणगापूरची मुक्ती शोधतात त्या वाटेचा माणूस, आणि तो हिप्परग्याच्या शाळेत पोरं शिकवतो, तुरुंगात जातो, १५ ऑगस्ट १९४७ ला देश झेंडे लावत असताना अटकेत असतो. त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, त्याच्या नावात शब्द आहे 'स्वातंत्र्यलढा'. अनंत भालेरावांच्या पुस्तकाचं नाव 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. म्हणजे जे लढले त्यांना आपण सोडवले गेलो असं वाटत नव्हतं, आपण लढलो असं वाटत होतं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत स्वामीजी गुलबर्ग्यातूनच लोकसभेवर गेले. त्या मतदारांत मराठी किती, कानडी किती, उर्दू बोलणारे किती, हे त्या वेळी कोणी मोजलं असेल असं वाटत नाही.

बरं, मुक्ती कशापासून झाली हे तरी सरळ आहे का? निजामापासून, असं आपण भाषणात म्हणतो. पण २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राहिला, वर्षाला ५० लाखांच्या तनख्यासह. ज्याच्यापासून सुटलो तोच सहा-सात वर्षं आपला घटनात्मक प्रमुख. मग रझाकारांपासून म्हणावं, तर ते बरोबर आहे. रझाकारीत लोकांनी काय भोगलं ते आपल्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बीदर जिल्ह्यात गोरट्याला मे १९४८ मध्ये गावच्या गाव कापलं गेलं. दोनशेच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. आमची आजी अंगावरच्या लुगड्यानिशी बैलगाडीतून दुधनीला गेली, अक्कलकोट संस्थानच्या हद्दीत, आणि चार महिने एका अडत्याच्या पडवीत राहिली. गाडी हद्दीपलीकडे गेली तेव्हा तिनं म्हणे मातीला हात लावला. त्या बाईला कोणी सांगावं की मुक्ती वगैरे काही नव्हतं, फक्त विलीनीकरण होतं? म्हणून उत्सववाल्यांना आणि एकात्मतावाल्यांना आमचं सांगणं आहे की 'मुक्ती' शब्द काढू नका. ज्यानं भोगलं त्याचा तो शब्द आहे.

पण इथंच थांबलो तर आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर होतं.

रझाकार म्हणजे मुसलमान, असं आपल्या पोरांना वाटायला लागलं आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला मोबाइलवर जे फिरतं ते वाचून दुसरं काय वाटणार? 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान हैदराबादेत होते. भारतात सामील व्हा असं उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, फौज यायच्या तीन-चार आठवडे आधी, त्यांना रस्त्यात गाठून मारलं, त्यांचा हात तोडला. मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांची नावं वाचताना आपल्या कार्यक्रमात त्यांचं नाव आजवर एकदाही आलं नाही. आम्हीच तीन वर्षं ती यादी वाचली आहे, तेव्हा दोष आमचाही.

आणि सतरा तारखेनंतर काय झालं? पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना केंद्र सरकारनंच १९४८ च्या अखेरीला या भागात फिरून यायला सांगितलं. त्यांचा अहवाल सरकारनं छापला नाही, तो कितीतरी वर्षं कपाटात राहिला. आता वाचायला मिळतो. पोलीस अॅक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा त्यांचा अंदाज, आणि तोही हात राखून केलेला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांचा हिशेब १८ हजारांच्या वर. ही बहुतेक माणसं मुसलमान होती, आणि त्यांतली रझाकार किती असतील? त्याच अहवालात असंही आहे की हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना वाचवलं आणि त्यात काहींचा जीवही गेला. दोन्ही गोष्टी आपल्याच भागातल्या, दोन्ही आपल्याच माणसांनी केलेल्या. कासिम रझवी मात्र १९५७ साली तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या नावानं जे मेले ते सुटले नाहीत.

आता घरातलं सांगतो. सांगावं की नाही यावर घरी बोलणं झालं आहे; थोरल्या बंधूंची संमती आहे, धाकट्यांची नाही. आमच्या घरचं एक रान आहे, नाल्याकडचं, साडेचार एकर. आजही घरात त्याला 'तांबोळ्याचं रान' म्हणतात. लहानपणी वाटायचं, तिथं पूर्वी पानमळा असेल. नोकरीला लागल्यावर कागद बघायची सवय लागली तेव्हा पेटीतलं जुनं खरेदीखत काढलं. उर्दूत आहे, साल १३५८ फसली, म्हणजे आपलं १९४८-४९. एका निवृत्त उर्दू मास्तरांकडून वाचून घेतलं. लिहून देणार तांबोळी, लिहून घेणार आमचे आजोबा. किंमत हाली सिक्क्यात. शेजारच्या रानाचं दोन वर्षं आधीचं खतही आमच्याच पेटीत आहे; त्याच्या दरानं धरलं तर निम्म्याहून कमी पडते. मास्तरांनी चष्मा काढला, खत घडी करून दिलं आणि म्हणाले, "कागद पक्का आहे." एवढंच म्हणाले.

कागद पक्का आहे. आजोबांनी कोणाला धमकावलं नाही, रोख पैसे दिले. उलट ते घर आमच्या आजोबांच्या भरवशावर गाव सोडून सुखरूप सोलापूरला गेलं असंही घरात सांगतात. दोन्ही खरं असेल. पण हिशेब ठेवणाऱ्या माणसाला किंमत दिसतेच. आजी दुधनीहून परत आली आणि म्हणाली असेल, सुटलो. त्याच महिन्यात त्या घरातली आजी गाडीत बसली आणि तिचं गाव सुटलं. मराठीत क्रियापद एकच.

म्हणून 'मुक्ती कोणाची' याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. आणखी एक बाजू आहे, ती सांगितली नाही तर आपलंच आपल्याला हसू येईल. आपण इथली जुनी घरं. कोणाकडे पटवारकी होती, कोणाकडे देशमुखी, कोणाकडे पाटीलकी. निजामाच्या राज्यात आपण रयत होतो हे खरं, पण रयतेवरचे कारभारीही आपणच होतो. सारा निजामाचा, वही आपली. १९४९ ला जहागिऱ्या गेल्या, १९५० ला कुळकायदा आला, पुढं १९६१ च्या कायद्यानं गावची वतनी कामं गेली. ज्या कुळाच्या नावावर जमीन लागली, त्यानं जर 'मी मुक्त झालो' असं म्हटलं असेल तर त्याच्या वाक्यात 'पासून'च्या आधी निजामाचं नाव नव्हतं, आपलं होतं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवलेल्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि त्यांचं नाव पडलं 'विमुक्त'. अख्ख्या समाजाचं नावच मुक्ती, आणि चोरी झाली की पहिली झडती अजून त्यांच्याच पालावर. कर्ज फिटलं, बोजा उतरला नाही, असं आम्ही मघाशी म्हणालो ते अशा वेळी आठवतं.

आता तरुण मित्रांच्या ओळीकडे येतो. त्यांना राग येईल, येऊ द्या. राग आला तरी ते पुढच्या वर्षी खुर्च्या लावायला येतातच, हे आम्हाला माहीत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात गेले आणि मराठवाडा मुंबई राज्यात. आपल्या घरांची सोयरीक जिकडे, ते सगळं रेघेपलीकडे गेलं. बेळगाव, निपाणी, खानापूर, भालकीच्या मराठी लोकांनी इतकी वर्षं जी निष्ठा दाखवली तिच्यापुढं आम्ही हात जोडतो. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे, तो चालू आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. पण त्यासाठी 'मुक्ती' हा शब्द वापरायला आमचा विरोध आहे. का, तर त्याला 'पासून' चिकटलेलं आहे. सीमाभाग कोणापासून मुक्त करायचा? कर्नाटक सरकारपासून म्हणाल, पण कार्ड वाचणारा आपला शेजारी कानडी आहे, तो त्या जागी स्वतःला वाचणार. आणि त्याचे आजोबा आपल्या आजोबांबरोबर त्याच निजामाविरुद्ध तुरुंगात होते. रझाकारांसाठी जो शब्द वापरला तोच त्याच्यासाठी वापरायचा?

शिवाय आपली अफजलपूरची जागा बघा. गाणगापूरचं गुरुचरित्र मराठी माणसाच्या देव्हाऱ्यात असतं, आणि त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर ग्रंथातच सांगतात की मराठी ही काही आपली भाषा नव्हे. दुधनीच्या बाजारात महाराष्ट्राच्या हद्दीत उभं राहून लोक कानडीत भाव करतात. महाजन आयोगानं अक्कलकोट तालुका म्हैसूरला द्यावा म्हटलं होतं. २०२२ साली सीमेचा विषय पेटला तेव्हा जत-अक्कलकोटकडच्या काही गावांनी आम्ही कर्नाटकात जातो असं म्हटलं. त्यांना महाराष्ट्रापासून मुक्ती हवी होती का? त्यांना पाणी हवं होतं, रस्ता हवा होता. त्यांनी ते नाव घेऊन मागितलं.

आपणही नाव घेऊन मागावं. घटनेत १९५६ साली घातलेलं ३५०-अ कलम आहे, अल्पभाषिक मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी असं सांगणारं. मराठी शाळेला शिक्षक द्या, रिकामी जागा भरा, पुस्तकं वेळेवर द्या, ही मागणी आहे. तिच्यावर सही घेता येते, पोच घेता येते, आणि उत्तर आलं नाही तर विचारता येतं. 'मुक्ती द्या' या अर्जाची पोच कोणतं कार्यालय देणार? मागच्या वर्षी शिक्षकासाठी अर्ज केला त्यावर मंडळाच्या फक्त ११ सभासदांच्या सह्या होत्या, मुक्तीच्या घोषणेला हॉल भरला होता. हे आम्ही टोमणा म्हणून सांगत नाही. बरं, टोमणाच आहे.

तेव्हा कार्डाच्या मजकुराबद्दल आमची सूचना अशी. वरच्या ओळीत 'हैदराबाद मुक्तिसंग्राम दिन' हेच राहावं, 'संग्राम' गाळू नये, आणि तेच नाव खाली कानडीतही छापावं. हुतात्म्यांच्या यादीत शोएबुल्लाखान यांचं नाव यावं. 'सीमाभागाची मुक्ती' ही ओळ घेऊ नये. त्याऐवजी कार्यक्रमाच्या दारात शिक्षकाच्या अर्जाचे कागद आणि पेन ठेवावं. आणि तळाला एक ओळ असावी: '१९४८ साली सतरा सप्टेंबरच्या आधी आणि नंतर या भागात बळी गेलेल्या सर्वांना श्रद्धांजली.' 'आणि नंतर' या दोन शब्दांवर बैठकीत पुन्हा दीड तास जाईल, हे आम्ही धरून चाललो आहोत.

छापखान्याला मजकूर पुढच्या शनिवारपर्यंत द्यायचा आहे. कार्डं आली की त्यांतलं एक आम्ही स्वतः सोलापूरला घेऊन जाणार आहोत. तांबोळ्यांचे नातू तिथं असतात असा पत्ता लागला आहे. ते कार्यक्रमाला येतील की नाही, दार उघडतील की नाही, सांगता येत नाही. खरेदीखताची एक प्रत बरोबर नेणार आहोत. त्यांच्या आजोबांची सही त्यावर आहे, ती त्यांनी कदाचित कधी पाहिलीही नसेल.

सूचनेला अनुमोदन हवं आहे. हरकत असेल त्यांनी आत्ताच हात वर करावा.